सशाचा डोळा वाहतोय, दात कुणी बघितले?

या अंकासाठी आलेली सशांची पत्रं वेगळी काढली, तर जवळजवळ सगळी डोळ्यांचीच निघाली. कराडच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनीही ते उत्तर आधी वाचावं, म्हणजे मला तेच पुन्हा लिहावं लागणार नाही.

प्रश्न : आमचा 'कापूस' तीन वर्षांचा पांढरा ससा आहे. दीड महिन्यापासून त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी येतंय. आता ते घट्ट आणि पांढरं झालंय. डोळ्याखालचे केस गळून कातडी लाल दिसते. मेडिकलमधून थेंब आणून घातले की आठवडाभर बरं वाटतं, बंद केले की पुन्हा सुरू. सासूबाई गुलाबपाणी घाला म्हणतात, शेजारी मध सांगतात. खाणं चांगलं आहे : सकाळी गाजर, दुपारी पोळी, संध्याकाळी मारी बिस्किट आणि दुकानातला सशाचा दाणा. डावा डोळा एकदम स्वच्छ आहे. हल्ली गाजर तोंडात घेतो आणि टाकून देतो, पण ते लाडामुळे असेल.
— सौ. म. पा., कराड

उत्तर : मनीषाताई म्हणू की माधुरीताई, माहीत नाही, पण ताई, ते लाडामुळे नाही. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला कापसाच्या डोळ्यापेक्षा तोंडाची काळजी जास्त वाटते.

डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते. ती आपल्यालाही असते, म्हणून तर रडताना नाक गळतं. आपल्या प्रत्येक डोळ्याला या नळीची दोन तोंडं असतात, एक वरच्या पापणीत आणि एक खालच्या. सशाला एकच, खालच्या पापणीच्या आत, नाकाच्या बाजूला. तिथून नळी हाडात शिरते, वाटेत वळते, अरुंद होते, आणि या अडचणीच्या जागा नेमक्या दातांच्या मुळांना खेटून आहेत : आधी वरच्या दाढा, मग पुढचे वरचे दात.

सशाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. ते झिजवायचं काम गवताचं. गवतात सिलिका (वाळूत असते तीच) असते आणि गवत चावताना सशाचा जबडा आडवा फिरत राहतो, तासन् तास. पोळी, बिस्किट, दाणा हे दोन-चार चाव्यांत पोटात जातं. दात झिजत नाहीत. वरचा आणि खालचा दात एकमेकांना अडले की वाढायला जागा उरत नाही, मग दात मुळाच्या बाजूने, म्हणजे हाडात मागे रेटला जातो. तिथे नळी दबते. पाणी खाली उतरेना झालं की साचतं, त्यात जंतू वाढतात आणि पू उलटा डोळ्यात येतो. थेंबांनी जंतू कमी होतात, आठवडाभर बरं दिसतं. नळी मात्र तुंबलेली ती तुंबलेलीच.

ससा समोर नसताना ठाम निदान करणारी मी नव्हे. पण एकच डोळा, घट्ट पांढरा पू, औषध थांबलं की पुन्हा सुरू आणि घास टाकून देणं, हे सगळं एकत्र आलं की मी डोळ्यात टॉर्च मारण्याआधी तोंड उघडून बघते.

तुम्ही घरी एवढं बघा. खालच्या जबड्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. एकीकडे उंचवटे लागतात का? हनुवटी ओली असते का? पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झालेत का? ससा त्याच पायांनी तोंड पुसतो, त्यामुळे पुरावा तिथे सापडतो. लेंड्या पहिल्यापेक्षा बारीक झाल्यात का? ओठ हलकेच वर करून पुढचे दात बघता येतील. दाढा मात्र घरी दिसत नाहीत, त्यासाठी तोंड फाकवायला जाऊ नका. आणि पुढचे दात वाढलेले दिसले तर नेलकटर काढू नका. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथे गळू होतं.

आता डॉक्टरांकडे काय व्हायला हवं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. प्रथम डोळ्यात फ्लुरेसिनचा थेंब किंवा पट्टी. हा केशरी रंग डोळ्यात गेल्यावर हिरवा चमकतो आणि बुबुळावर ओरखडा असेल तर तिथे चिकटून राहतो. नळी मोकळी असेल तर तोच रंग काही मिनिटांत नाकपुडीत दिसतो. मग डोळा बधिर करून, सलाइन लावताना वापरतात तसली अगदी बारीक नळी, सुई काढून, खालच्या पापणीतल्या त्या एकुलत्या एका तोंडात घालून कोमट सलाइनने धुवायचं. नाकपुडीतून पांढरा गोळा बाहेर पडला की डॉक्टरांइतकंच मालकालाही हायसं वाटतं. एकदा धुऊन सहसा भागत नाही, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा धुवावं लागतं. पाणी आरपार जातच नसेल तर डोक्याचा एक्स-रे. दाढा नीट बघायच्या तर भूल द्यावी लागते.

भुलेचं नाव निघालं म्हणून सांगते. 'रात्रीपासून उपाशी ठेवा' हा नियम कुत्र्या-मांजरांचा आणि माणसांचा. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं पोट रिकामं ठेवणं हेच संकट आहे. कुणी उपाशी आणायला सांगितलं, तर सशाबद्दलच बोलताय ना, असं नम्रपणे पुन्हा विचारा. डबाभर गवत बरोबर न्या.

कराडमध्ये सशाच्या दातांचं काम करणारं कुणी मिळालं नाही, तर पुण्याच्या वाटेवर महामार्गालगत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. जायचं तर पहाटे निघा. तीस अंशांच्या वर पारा गेला की सशाला त्रास होतो, आणि बंद गाडीत तो लवकर वर जातो.

तुम्ही थेंबांचं नाव कळवलं नाहीत, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यातलं काही लिहिलंय का, भिंगाने वाचा. हे स्टेरॉइड. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून दुकानदार खुशीने देतो. पण बुबुळावर जखम असेल तर ती भरत नाही, खोल जाते. शिवाय सशाला स्टेरॉइड आपल्यापेक्षा फार कमी सोसतं. लिहिलेलं असेल तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना तीच दाखवा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. घरात मुलांचं अँटिबायोटिकचं सिरप असतं. डोळ्यात पू आहे म्हणून ते दोन थेंब सशाला पाजणारे लोक मी पाहिले आहेत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाच्या तोंडावाटे पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे माजतात, जुलाब लागतात आणि ससा जातो. डोळा बरा करण्याच्या नादात ससा गमावण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. पोटातून औषध लागलंच तर सशाला चालणारी वेगळी औषधं आहेत आणि डोस वजनावर ठरतो. वजन घरच्या काट्यावर दर आठवड्याला करून कॅलेंडरवर लिहीत जा. पाव किलो घटलं की डोळा बरा दिसला तरी काहीतरी बिघडलंय.

गुलाबपाणी नको, मध नको, हळद नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि गुलाबपाणी त्यांच्याच कपाटात राहू द्या. डोळा पुसायला नॉर्मल सलाइनची छोटी बाटली मेडिकलमध्ये मिळते. ती कोमट करा (बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरून), कापसाचा बोळा भिजवून सुकलेल्या पुवावर मिनिटभर नुसता धरून ठेवा, मऊ झाला की डोळ्यापासून बाहेरच्या दिशेने पुसा. ओढून काढू नका, खालची कातडी आधीच सोललेली आहे. प्रत्येक वेळी नवा बोळा. पुसून झालं की कोरडं करा, ओल राहिली तर कातडी आणखी जाते. उघडलेली बाटली आठवडा-आठवडा पुरवू नका, टाकून द्या.

थेंब घालताना टेबलावर किंवा उभ्याने नको. जमिनीवर मांडी घालून बसा, ससा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीत घ्या, त्याचं तोंड तुमच्यापासून लांब आणि मागचे पाय तुमच्या पोटाला टेकलेले. सशाचे मागचे पाय दांडगे आणि कणा नाजूक. हवेत लाथ झाडली तर स्वतःच्याच जोराने कणा मोडतो. उताणा करू नका. तो शांत पडतो, पण ती शांतता भीतीची असते. मागून एका हाताने खालची पापणी किंचित ओढा आणि थेंब सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. नंतर कोथिंबिरीची काडी द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो टॉवेल बघून पळणार नाही. पळेल, पण कमी.

आणि आता खाणं, ज्याला तुम्ही 'चांगलं' म्हटलंय. बिस्किट आणि पोळी बंद. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत, घरात राबवायला अवघड, कारण बिस्किट देणं हा सशाचा नाही, देणाऱ्याचा आनंद असतो. गाजर हे कार्टूनवाल्यांनी सशाच्या माथी मारलेलं अन्न आहे. त्यात साखर भरपूर. आठवड्यातून एखादा तुकडा पुरे, गाजराचा पाला मात्र खुशाल द्या. पोटाचा मोठा भाग गवताने भरायला हवा, शंभरातला ऐंशी वाटा तरी.

ऑनलाइन मिळणारं परदेशी टिमोथी गवत उत्तम, पण महाग, आणि तुमच्या भागात त्यावाचून अडायचं कारण नाही. दुभती जनावरं असलेल्या कुणाकडेही मारवेल किंवा नेपियर मिळेल. हरळी तर गणपतीच्या दिवसांत सगळ्यांनाच आठवते, ती वर्षभर चालते. ओलं गवत सावलीत वाळवून ठेवा, बुरशी आलेलं किंवा कुबट वासाचं फेकून द्या. फवारणी केलेल्या बांधावरचं नको. लसूणघास कॅल्शियमने जड, पिल्लांना ठीक, तीन वर्षांच्या सशाला रोज नको. कोवळी ज्वारी अजिबात नको, त्यात विष असतं, हे तुमच्याकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. बरोबर मूठभर पाला : मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा, फ्लॉवरचा. पालक अधूनमधून. दाणा हळूहळू कमी करत दोन चमच्यांवर आणा. हा सगळा बदल दोन-तीन आठवड्यांत करा, एका रात्रीत नाही.

पण हे गवत कापसाने आज खाल्लंच नाही तर? दाढ टोचत असेल तर तो खाणारच नाही, मग आधी दात आणि नंतर गवत असा क्रम लागतो. बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर डोळा, शिरवळ, माझा सल्ला सगळं बाजूला ठेवून जवळचा पशुवैद्य गाठा. आणि डोळा पुढे आल्यासारखा, वटारल्यासारखा दिसू लागला तर डोळ्यामागे गळू असू शकतं. तेव्हाही त्याच दिवशी जायचं.

दातांची मुळं एकदा वाढली की ती मागे जात नाहीत. कापसाचा डोळा पूर्ण कोरडा होईल असं आश्वासन मी देत नाही. काही सशांची नळी कायमची बुजते आणि रोज सकाळी डोळा पुसणं हेच औषध उरतं. दुखणं नसेल तर ते ससे आनंदाने जगतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या बनीचे दोन्ही डोळे लाल आहेत. शेजारचे काका म्हणतात की त्याचे डोळे आले आहेत, त्याला गच्चीत ठेव. तो कधीकधी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहतो आणि झोपताना डोळे मिटत नाही. तो आंधळा होईल का?
— ई. जो., नाशिक

उत्तर : बनी पूर्ण पांढरा आहे ना? मग त्याचे डोळे गुंजेसारखे लाल असणं अगदी साहजिक आहे. अशा पांढऱ्या सशाच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो. बहुधा तो न्यूझीलंड व्हाइट जातीचा असेल. नाव न्यूझीलंडचं, पण जात तयार झाली अमेरिकेत.

असे ससे जरा कमी बघतात, म्हणून समोरची वस्तू किती लांब आहे हे कळायला डोकं इकडून तिकडे हलवतात. डोकं एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं, किंवा तो गोल गोल फिरू लागला, तर मात्र लगेच डॉक्टर. डोळे उघडे ठेवून झोपणं सशांचं रोजचंच आहे. तासाभरात दहा-बारा वेळाच पापणी लवते त्यांची. तू घड्याळ लावून बघ, कंटाळशील.

आजारी डोळा कसा ओळखायचा? पाणी किंवा पू, अर्धवट मिटलेला डोळा, पापणी सुजलेली, किंवा बाहुलीभोवतीच्या रंगाऐवजी पापणीच्या आतली बाजू लालभडक. यातलं काही नसेल तर बनी ठणठणीत आहे. काकांना सांग, गच्चीत ठेवायचं नाही. लाल डोळ्यांना ऊन सहन होत नाही आणि नाशिकच्या घारींना ससा आवडतो.

प्रश्न : पावसात पिंजरा कोरडा राहावा म्हणून भाताचा पेंढा घातला. दुसऱ्या दिवशी सशाचा डावा डोळा गच्च मिटलेला. उघडून पाहिला तर बुबुळावर निळसर डाग. घरात आधीच्या कुत्र्याचं डोळ्याचं मलम शिल्लक आहे, ते लावू का?
— वि. शि., चिपळूण

उत्तर : यांना उत्तर फोनवर त्याच दिवशी दिलं होतं, इथे इतरांसाठी छापते आहे.

मलम लावू नका, आणि उद्यावरही टाकू नका. पेंढ्याचं टोक किंवा कुसळ डोळ्यात गेलं की बुबुळावर ओरखडा पडतो. निळसर ढग म्हणजे बुबुळाला सूज आलीय. सशाला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते आणि कुसळ तिच्यामागे लपून बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि दर वेळी पापणी सरकली की ते पुन्हा ओरखडत राहतं. डॉक्टर डोळा बधिर करून, पापणी चिमट्याने उचलून बघतात. तुम्ही चिमटा हातात घेऊ नका.

कुत्र्याच्या मलमात स्टेरॉइड असण्याची शक्यता बरीच आहे, त्याबद्दल वर लिहिलंच. डॉक्टरांकडे वेदनाशामक आवर्जून मागा. ससा विव्हळत नाही, कोपऱ्यात गप्प बसतो आणि खाणं सोडतो, आणि मग डोळ्याऐवजी पोटच त्याचा जीव घेतं. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली, तर त्याला स्वतःच्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत. त्या खाणं सशाच्या पोषणाचा भाग आहे, घाण सवय नव्हे. म्हणून कॉलर शक्यतो टाळतात. घालावीच लागली तर दिवसातून काही वेळ, तुम्ही समोर असताना, काढा.

कोकणात पेंढा फुकट मिळतो हे मान्य. तरी खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र घाला, आणि गवत वरून टांगून द्या. भुसाही नको, त्याच्या धुळीने दोन्ही डोळे लाल होतात. या पत्रातल्या सशाच्या पापणीमागून कुसळ निघालं आणि डोळा वाचला, असं नंतर कळलं.

प्रश्न : आमचं छोटं ससेपालन आहे. काही पिल्लांचे डोळे दोन आठवडे झाले तरी उघडत नाहीत, पापणी फुगलेली दिसते. उघडली तर आत पिवळा पू. कोंबड्यांचं औषध पाण्यातून दिलं तर चालेल का?
— द. मा., जत

उत्तर : नाही. कोंबड्यांच्या काही औषधांत लिंकोमायसिन असतं, ते पाण्यातून दिलं तर पिल्लंच काय, माद्याही जातील.

पिल्लाचे डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. तेराव्या दिवशी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन बघायची सवय लावा. मिटलेला डोळा फुगला असेल तर आत पू कोंडलाय आणि तो कोंडून राहिला तर बुबुळ जातं. कोमट सलाइनचा बोळा दोन मिनिटं धरा, चिकटलेली पापणी मऊ होऊन आपोआप सुटू लागते, जोर लावायचा नाही. पू पुसून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मलम ते सांगतील तितक्या वेळा लावा. पापणी पुन्हा चिकटते, म्हणून दोन-तीन दिवस लक्ष हवं.

पण खरं काम पिल्लांच्या खोक्यात आहे. तिथलं गवत ओलं राहत असेल तर पुढच्या वेतालाही हेच होणार. खोकं धुऊन उन्हात कडक वाळवा, नवं गवत घाला, मादीचे केस त्यात असू द्या. शेडमध्ये एकदा खाली बसून, सशाच्या नाकाच्या उंचीवर, वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांचे दिवसभर चुरचुरत असतात. मुताचा अमोनिया जमिनीलगत जास्त असतो आणि उभ्या माणसाला तो जाणवत नाही. सतत शिंकणाऱ्या, नाक वाहणाऱ्या माद्या-नरांपासून पैदास घेऊ नका. पाश्चुरेला नावाचा जंतू त्यांच्या नाकात घर करून राहतो आणि दुधाबरोबर नव्हे, नुसत्या जवळिकीने पिल्लांत जातो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. बागेतल्या सशाचे दोन्ही डोळे अचानक सुजले, चिकट पाणी येतंय, कानाच्या मुळाशीही सूज आहे. आई पुण्याहून म्हणते, कोमट पाण्याने पुसत राहा. लस दिलेली नाही.
— रा. दे., स्लाउ

उत्तर : आईंचा सल्ला पुण्यातल्या सशासाठी ठीक होता. तुम्ही मात्र आजच व्हेटला फोन करा, आणि फोनवरच लक्षणं सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर सशांपासून वेगळं बसवतील. दोन्ही पापण्यांना सूज, कानाच्या मुळाशी आणि गुदद्वाराजवळ सूज, लस नाही, बागेत वावर : हा मिक्सोमॅटोसिस नावाचा विषाणूचा आजार असू शकतो. हा विषाणू पिसवा आणि डास पसरवतात. ब्रिटनमध्ये तो १९५३ साली पोहोचला आणि रानटी सशांत अजून आहे, त्यामुळे तुमच्या बागेच्या कुंपणाचा उपयोग नाही. लस न घेतलेला पाळीव ससा यातून क्वचितच वाचतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरात दुसरा ससा असेल तर त्याच्या लसीचं आजच विचारा. तिकडे मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग अशा दोन्हींवर एकत्र लस मिळते, ती दर वर्षी द्यायची. पिसवांसाठी औषध आणताना फिप्रोनिल असलेलं नको, कुत्र्या-मांजरांना चालतं पण सशाला घातक ठरतं.

इथल्या वाचकांनी हे वाचून आपल्या सशाच्या पापण्या मोजायला बसू नये. माझ्याकडे येणाऱ्या सशांत मी हा रोग पाहिलेला नाही.

प्रश्न : सशाचे डोळे आले तर आमचे येतील का? घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. आणि त्याची जोडीदारीण त्याच पिंजऱ्यात आहे, तिला वेगळं करू?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : पावसाळ्यात आपले डोळे येतात ते बहुतेक वेळा माणसांच्या विषाणूंनी. सशाच्या डोळ्यातले जंतू बहुधा त्याच्याच नाकातले असतात. डोळा पुसल्यावर हात साबणाने धुवा, त्याचा टॉवेल वेगळा ठेवा, आणि डोळा बरा होईपर्यंत रांगत्या बाळाला पिंजऱ्याशी जाऊ देऊ नका. तेवढं पुरे.

जोडीदारणीला वेगळं करू नका. तिला लागण व्हायची असती तर एव्हाना झाली असती, आणि जोडी तुटली की ससा खाणं सोडतो. पुन्हा एकत्र आणताना मारामारी होते ती वेगळीच. ती त्याचा डोळा चाटत असेल तर मलम मात्र पोटात जाईल. मलम लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याला मांडीवर घेऊन बसा. आणि तिचेही दात एकदा बघून घ्या, दोघांना एकाच ताटातलं मिळतंय.